चीजवस्तूंची छायाचित्रे आणि घरचे छत



मागील अंकात बँकेच्या लॉकरला नामनिर्देशन करण्याविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचकभगिनींनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : लॉकर कोणाच्या हाती जाईल हे कळले; पण आत काय आहे, हे पुढच्या पिढीला कसे कळावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बँकेजवळ नाही. लॉकरमध्ये ग्राहकाने काय ठेवले, याची नोंद बँक ठेवत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरसंबंधी सुधारित सूचना काढल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आल्या. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाले, तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख रुपये. आत ३० लाखांचे सोने असो वा नुसती कागदपत्रे असोत, आकडा तोच.

लॉकरधारकाच्या पश्चात लॉकर उघडला जातो तेव्हा यादी होते. परंतु त्या यादीची भाषा मी नोकरीत अनेकदा पाहिली आहे : ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग ४.’ अधिकाऱ्याने याहून अधिक लिहू नये, हेही बरोबरच. तो सोनार नव्हे. मात्र अशा यादीतून ‘आईच्या पाटल्या’ कोणत्या, हे कोणालाही सांगता येत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. आमची आई गेल्यानंतर लॉकर उघडला, तेव्हा पाटल्यांचा एक जोड निघाला. थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तो हातात घेऊन म्हणाली, “वहिनी, आईच्या पाटल्यांवर वेलाची नक्षी होती. या तर सपाट आहेत.” वहिनी म्हणाल्या, “आक्का, मी या घरात आल्यापासून आईंच्या हातात याच पाहते आहे.” पुढे कोणी आवाज चढवला नाही, आमच्या घरात तशी रीत नाही. पण त्या दिवसानंतर दोन वर्षे आक्का माहेरी आली नाही.

पुरावा म्हणून दादांच्या लग्नाचा अल्बम काढला. आई मांडवात उभी आहे, दोन्ही हात पुढे जोडलेले आहेत, आणि मनगटाच्या जागी दोन पांढरे डाग आहेत. छायाचित्रकाराने समोरून फ्लॅशचा झोत टाकला होता. सोन्याने तो जसाच्या तसा परत फेकला आणि नक्षी होती की नव्हती, हे त्या पांढऱ्या डागांत बुडून गेले. छायाचित्र होते, पण साक्ष देण्यास असमर्थ होते.

निवृत्तीनंतर मी छायाचित्रणाचा अभ्यास आरंभला, त्याचे मूळ त्या दोन डागांत आहे. आज त्यातील एकच गोष्ट सांगतो, कारण आपल्या घरांना तिचा सर्वाधिक उपयोग आहे : घरातील लहान वस्तूंचे छायाचित्र फ्लॅश वस्तूवर न मारता छतावर मारून कसे काढावे.

समोरून मारलेला फ्लॅश वाईट का, हे आधी समजून घेऊ. फ्लॅशची काच आगपेटीहून थोडीशी मोठी असते. एवढ्या लहान जागेतून निघालेला प्रकाश कठोर असतो. त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि चकचकीत पृष्ठभागावर त्याचेच लहानसे, डोळे दिपवणारे प्रतिबिंब उमटते. वस्तू जवळ असेल तर आणखी एक अडचण येते : कॅमेऱ्याचे लांब भिंग प्रकाशाच्या वाटेत येते आणि चित्राच्या खालच्या भागात त्याची काळी सावली पडते.

आता तोच फ्लॅश वर वळवून पांढऱ्या छताकडे रोखा. छताचा एक-दीड मीटर रुंदीचा भाग क्षणभर उजळतो आणि तेथून प्रकाश खाली पसरतो. वस्तूच्या दृष्टीने दिवा आता आगपेटीएवढा राहिला नाही. तो पलंगाएवढा झाला. सावल्यांच्या कडा विरघळतात, चकाकीचा ठिपका जाऊन तेथे मंद उजेडाचा पट्टा येतो आणि त्या पट्ट्यात नक्षी दिसू लागते. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितका प्रकाश मृदू. या कलेचे बरेचसे शास्त्र या एका वाक्यात आहे.

अर्थात, प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते. व्यापारी घरांत हा हिशेब लवकर समजेल, म्हणून मांडतो. फ्लॅशच्या ताकदीचा एक आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. त्यास गाइड नंबर म्हणतात. समजा तो आयएसओ १०० साठी, मीटरमध्ये, ३६ आहे. प्रकाशाला फ्लॅशपासून छतापर्यंत आणि छतापासून टेबलावरील वस्तूपर्यंत सुमारे ४ मीटर जावे लागते. ३६ ला ४ ने भागले की ९ येतात. म्हणजे छिद्र एफ ९. परंतु छत काही प्रकाश शोषते आणि उरलेला चहूकडे उधळते. त्यात साधारण तीन चतुर्थांश प्रकाश खर्ची पडतो असे धरून चालावे. तो भरून काढण्यासाठी छिद्र एफ ४.५ इतके मोठे करावे लागेल. पण लहान वस्तू जवळून घेताना छिद्र मोठे केले, तर पाटलीची पुढची कड स्पष्ट आणि मागची अंधुक येते. म्हणून छिद्र न वाढवता आयएसओ ४०० करावा. संवेदनक्षमता चौपट झाली आणि तूट भरून निघाली. ताळेबंद जुळला : आयएसओ ४००, छिद्र एफ ८ च्या आसपास, फ्लॅश पूर्ण ताकदीवर. छत नीच असेल तर फ्लॅशची ताकद कमी चालते. उंच वाड्यातील तुळयांचे काळे माळवद असेल, तर हा मार्ग चालत नाही.

शटरचा वेग सेकंदाचा १२५ वा भाग ठेवावा. तो फार वाढवला तर फ्लॅशशी मेळ बसत नाही आणि चित्रात काळा पट्टा येतो. फ्लॅशचा लखलखाट त्याहूनही क्षणिक असल्याने हात किंचित हलला तरी चित्र सहसा बिघडत नाही. ज्यांचे हात वयोमानाने कापतात, त्यांना हा मोठाच दिलासा आहे.

मांडणी अशी करावी. दुपारची निवांत वेळ निवडावी, पडदे ओढावेत, खोलीतील दिवे मालवावेत. दिवसा केल्याने दिव्यावर किडे-पाखरे येण्याचा प्रश्नही उरत नाही. टेबल भिंतीपासून थोडे पुढे घ्यावे. मोठा पांढरा कार्डशीट टेबलावर अंथरून त्याचा मागचा भाग भिंतीला टेकवून वर चढवावा. मध्ये घडी पाडू नये, नैसर्गिक वळण राहू द्यावे. त्यामुळे पार्श्वभूमीत टेबलाची कड दिसत नाही. वस्तू कागदाच्या मध्यभागी ठेवावी. प्रथम फ्लॅश बंद ठेवून एक चित्र काढावे. ते जवळजवळ काळे आले पाहिजे. तसे आले, म्हणजे खोलीतला इतर उजेड आपल्या चित्रात ढवळाढवळ करणार नाही याची खात्री झाली. मग फ्लॅश सुरू करावा.

फ्लॅशचे डोके नेमके कोठे वळवावे, यात थोडा विचार हवा. आरशावर पडलेला किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. छत आरसा नसले तरी प्रकाशाचा मुख्य कल तसाच असतो. डोके सरळ वर केले तर प्रकाश वस्तूच्या माथ्यावर पडतो आणि डबीची समोरची बाजू काळवंडते. म्हणून ते थोडे मागे, आपल्याच खांद्यावरून पलीकडे झुकवावे. मागची भिंत आणि छत दोन्ही उजळतात व प्रकाश तिरका, पुढून येतो. तरीही समोरची बाजू अंधारी वाटली, तर वस्तूच्या अलीकडे, चौकटीच्या बाहेर, पांढरा कागद आडवा ठेवावा. आणि फ्लॅशच्या काचेतून एकही किरण थेट वस्तूवर जात नाही ना, हे पाहावे. जात असेल तर त्या बाजूस काळ्या जाड कागदाचा आडोसा धरावा. मात्र तो काचेला चिकटवू नये, काच तापते. पूर्ण ताकदीने पंधरा-वीस वेळा उडवल्यावर फ्लॅशला विश्रांती द्यावी.

छताचा रंग हा येथील सर्वांत मोठा धोका आहे. हल्ली घराघरांत क्रीम, पिस्ता, गुलाबी छत आणि लाकडी नक्षीकाम असते. प्रकाश ज्या रंगाला शिवून येतो, तो रंग घेऊन येतो. गुलाबी छताखाली २२ कॅरेटचे सोने तांबूस दिसेल आणि पाहणारा त्याच्या कसाविषयी शंका घेईल. अशा घरात छताचा मोह सोडावा. थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा धुतलेली पांढरी चादर वस्तूच्या बाजूस उभी ताणावी आणि फ्लॅश तिच्यावर मारावा. अंतर कमी झाल्याने ताकदही कमी लागते. कॅमेऱ्यात पांढऱ्या कागदावरून रंगसंतुलन साधण्याची सोय असते. ती वापरावी, आणि पहिल्या चित्रात वस्तूशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. पुढे रंगाविषयी वाद निघाला, तर तो तुकडा साक्षीदार आहे.

स्वयंचलित फ्लॅशविषयी एक सूचना. पांढऱ्या कागदावर चांदीची वाटी ठेवली की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला; तो प्रकाश कमी करतो आणि सारे चित्र करडे येते. अशा वेळी फ्लॅशची भरपाई एका टप्प्याने वाढवावी. पडद्यावर पाहून कमी-अधिक करावे. फिल्मच्या काळी रोल धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे; आज ती त्याच क्षणी कळते आणि फुकट सुधारता येते.

आता निरनिराळ्या वस्तूंचे स्वभाव पाहू.

चांदीची भांडी आरशासारखी असतात. केशराची वाटी, अत्तरदाणी, डबी यांत खोली, कॅमेरा आणि आपला चेहरा, सारे उमटते. येथे नियम उलटा आहे : वाटीवर प्रकाश टाकण्याचा विचार न करता, वाटीला काय दिसते याचा विचार करावा. तिच्या तिन्ही बाजूंस आणि वर पांढरे कागद उभे करावेत, आपण थोडे दूर सरून भिंग लांबवून चित्र घ्यावे. आता वाटी सर्वत्र पांढरी दिसेल, इतकी की तिची कड कागदात हरवेल. त्यावर उपाय म्हणून काळ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी चौकटीबाहेर, दोन्ही बाजूंस उभी करावी. तिचे प्रतिबिंब वाटीच्या कडेवर काळ्या रेषेसारखे उमटते आणि आकार सुस्पष्ट होतो.

नाणी, कोरीव पाटल्या, अडकित्त्यावरील नक्षी यांना छतावरचा प्रकाश फार सपाट पडतो. नक्षी म्हणजे उंचवटे आणि खोलगटपणा. तो दिसण्यासाठी सावली हवी. म्हणून थर्माकोलचा पत्रा एकाच बाजूस, बुटका उभा करावा आणि फ्लॅश त्यावर मारावा. प्रकाश पृष्ठभागाला घासत जातो. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावरील झिजलेले साल, जे भिंगाखालीही वाचता येत नव्हते, ते या पद्धतीने मी वाचले आहे.

मोत्यांना मृदू प्रकाश मानवतो. त्यांचे पाणी त्यातच दिसते. हिऱ्यांचे उलट आहे. त्यांची चमक लहान, कठोर प्रकाशानेच फुलते; परावर्तित प्रकाशात ते थोडे निस्तेज दिसतात. परंतु आपण विक्रीसाठी चित्र काढत नाही. नोंदीपुरते पाहिले, तर खडे किती आहेत, कोठे बसवले आहेत आणि एखादे घर रिकामे आहे का, हे याच प्रकाशात स्पष्ट मोजता येते.

नव्या दागिन्यांवरील हॉलमार्कचे चित्र अवश्य घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे त्या दागिन्याचे नाव-गाव होय. जुन्या दागिन्यांना असे नाव नाही. त्यांना ओळख द्यायची ती आपल्या चित्रानेच.

ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे, त्यांनी निराश होऊ नये. मोबाइलचा दिवा वळवता येत नाही, म्हणून तो बंदच ठेवावा. घरातील दुसऱ्या मोबाइलची बॅटरी लावून ती पांढऱ्या कार्डशीटवर रोखावी आणि परत येणाऱ्या उजेडात वस्तू ठेवावी. उजेड अल्प असतो, म्हणून चित्र घेणारा मोबाइल डब्याला टेकवून स्थिर करावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. तत्त्व तेच : उजेड आधी मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावर, मग वस्तूवर.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. घरदेरासरातील प्रतिमाजींच्या बाबतीत हे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. तेथील मर्यादा आपापल्या आम्नायाप्रमाणे व गुरुमहाराजांच्या आज्ञेप्रमाणे पाळावी. हा लेख संसारातील चीजवस्तूंपुरता आहे.

चित्र काढताना प्रत्येक वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवावी. पेढीवरील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून चिठ्ठीवर तारीख, वजन आणि वस्तू कोणाकडून आली ते लिहावे व चिठ्ठीही चित्रात घ्यावी. वजन ग्रॅममध्येच लिहावे. जुन्या वह्यांतील तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा. या फरकापायी ६ तोळ्यांच्या जोडात सुमारे १० ग्रॅमची ‘चोरी’ उगाच दिसू लागते. समोरून, मागून, आतून आणि खुणेच्या जागी, अशी किमान चार चित्रे घ्यावीत. एका बाजूने पाहिलेले खरे असते, पण पूर्ण नसते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

ही चित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चुकूनही टाकू नयेत. दोन पेनड्राइव्हवर प्रती कराव्यात, एक कागदी संच काढावा आणि तो पावत्यांसह मृत्युपत्राजवळ ठेवावा. चित्र हा मालकीचा पुरावा नव्हे. तो पावतीने, नोंदीने सिद्ध होतो. चित्र ओळख पटवते. दोन्ही एकत्र असले, म्हणजे मागे राहणाऱ्यांना एकमेकांच्या स्मरणशक्तीवर संशय घेण्याची पाळी येत नाही.

कोणी म्हणेल, अपरिग्रह मानणाऱ्यांनी दागिन्यांची चित्रे काढत बसावे काय? मला उलट वाटते. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. परिमाण म्हणजे माप. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य यांची मर्यादा ठरवायची, तर आधी आपल्याजवळ किती आहे ते मोजले पाहिजे. पेढीचा माल आपण दर दिवाळीला मोजतो. घराचा कधीच नाही. आमच्या घरी चित्रांचा संच तयार झाला, तेव्हा सौभाग्यवतींनी तो उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, “एवढे आहे आपल्याकडे? मग यंदा काही घ्यायला नको.”

पाटल्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. जुने कपाट हलवताना वडिलांची घरखर्चाची वही हाती लागली. दादांच्या लग्नाआधीच्या दिवाळीची नोंद होती : वेलाच्या जुन्या पाटल्या मोडल्या, त्यातून सपाट जोड केला, उरलेल्या सोन्याचे सूनबाईंसाठी मंगळसूत्र केले. आक्काचे लग्न त्याआधीच झाले होते. तिने लहानपणी पाहिलेला वेल खरा होता, आणि वहिनींनी पाहिलेला सपाट जोडही खरा होता. मी वही घेऊन आक्काच्या घरी गेलो. तिने ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “दिवाळीला येते म्हणून वहिनींना सांग.”

ती आली, तेव्हा दुपारी पडदे ओढून आम्ही त्या पाटल्यांचे आणि मंगळसूत्राचे एकत्र छायाचित्र काढले. फ्लॅश छताकडे होता. चित्रात कोठेही पांढरा डाग नाही.

पुढील अंकी : पावत्या व जुन्या वह्यांचे जतन.